दिवाणखान्यातली गिटार

पेनसिल्व्हेनिया प्रांतातील नाझरेथ या गावी मार्टिन नावाचा गिटारींचा जो जुना कारखाना आहे, त्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आपल्या वाद्यांच्या आकारमानाला जे अनुक्रम लावून दिले, त्यांची रीत प्रथमदर्शनी उफराटी वाटते. कारण तीत आकडा जसजसा लहान होत जातो, तसतसे वाद्य मोठे होत जाते. तीन क्रमांकाची गिटार तळाशी सुमारे सव्वाअकरा इंच रुंद, दोन क्रमांकाची बारा इंच आणि एक क्रमांकाची पावणेतेरा इंच. आणि ही शेवटची त्या काळी इतकी ऐसपैस मानली जाई, की हिच्याहूनही मोठे वाद्य कोणी मागेल ही शंका आकडे लावणाऱ्याच्या मनाला शिवली नव्हती, हे त्या आकड्यावरूनच उघड होते. परंतु मागणारे आले. तेव्हा एकाच्या अलीकडे शून्य क्रमांक काढावा लागला, पुढे दोन शून्यांचा, विसाव्या शतकाच्या आरंभी तीन शून्यांचा; आणि शून्येही पुरेनाशी झाली, तेव्हा १९१६ साली जे धिप्पाड वाद्य घडले त्याला ब्रिटिश आरमारातील 'ड्रेडनॉट' या युद्धनौकेचे नाव देण्यात आले. जे वाद्य मांडीवर घेऊन घरातल्या चारचौघांपुढे वाजवावयाचे, त्याचे बारसे युद्धनौकेच्या नावाने व्हावे, यातच सत्तर वर्षांत झालेला सगळा पालट आला.

आज दुकानाच्या भिंतीवर टांगलेल्या गिटारी बहुतांशी या युद्धनौकेच्या वंशातल्या असतात, आणि त्यांच्या शेजारी एखादी लहान चणीची गिटार दिसली तर ती मुलांसाठी केलेली असावी असा समज होतो. तो समज इतिहासाला धरून नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हीच पूर्ण वाढलेली, प्रौढ माणसांची गिटार होती. आणि तिच्यावर उघड्या बोटांनी वाजवण्याची जी पद्धत युरोपातून अमेरिकेत आली, ती तिथल्या सुखवस्तू घरांच्या दिवाणखान्यातून निघून मोलकरणींच्या आणि शेतमजुरांच्या ओसरीवर जाऊन पोचली. शास्त्रोक्त गिटारीचा इतिहास लिहिणारे या पद्धतीला दिवाणखान्यातच सोडून स्पेनकडे वळतात आणि लोकसंगीताचा इतिहास लिहिणारे ती ओसरीवर आपोआप उगवली असे धरून चालतात. मधली वाट दोन्ही पंथांनी दुर्लक्षिली, असे माझे मत आहे.

सहा एकेरी तारांची गिटार अठराव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाली. तत्पूर्वी तारांच्या पाच जोड्या असत. या नव्या वाद्याला १८०० नंतरच्या तीस वर्षांत फेर्नांदो सोर, माउरो जुलियानी, फेर्दिनांदो कारुली, मात्तेओ कारकास्सी असे वादक-रचनाकार लाभले, आणि पॅरिस व व्हिएन्ना या दोन नगरांत तिचा अक्षरशः छंद लागला. आपल्या सतारीला मिजराब लागते, सरोदेला जवा लागतो. या गिटारीला हाताच्या बोटांखेरीज दुसरे काही लागत नसे. खर्जाच्या तीन तारा अंगठ्याकडे आणि वरच्या तीन तर्जनी, मध्यमा व अनामिका यांच्याकडे, अशी कामाची वाटणी ठरलेली असून करंगळी पुष्कळ वादक तबलीवर टेकवून ठेवीत. आणि या वाटणीमुळे खालचा आधारस्वर, मधली संगत आणि वरची धून ही तिन्ही एकाच माणसाच्या एकाच हातून एकाच वेळी निघू शकत. नखे वाढवून वाजवावे की बोटाच्या मऊ पेराने, याविषयी तेव्हाही दोन तट होते. सोर पेराचा अभिमानी आणि त्याचा स्नेही दिओनिसिओ आग्वादो नखांचा; तरी दोघेही पॅरिसमध्ये एकाच हॉटेलात राहत, आणि सोरने उभयतांनी मिळून वाजवण्यासाठी 'दोन मित्र' अशा अर्थाच्या नावाची एक रचनाही केली. गुरुबंधूंमधील तंटे याच थराला राहिले असते तर आपल्याकडील घराण्यांचा इतिहास किती निराळा झाला असता!

वाद्य लहान असण्याचे कारण तारेत होते. वरच्या तीन तारा तातीच्या आणि खालच्या तीन रेशमाच्या धाग्यांवर बारीक धातूची तार गुंडाळलेल्या. तातीचा ताण पोलादाच्या मानाने पुष्कळ कमी. आणि तेवढ्या ताणात, बोटाच्या पेराने भरलेल्या तेवढ्याशा बळाने, जी तबली थरारून उठावी ती पातळ आणि बेताच्याच विस्ताराची असणे कारागिरांना सोयीचे वाटे. अशा पेटीचा खर्ज उणा पडतो हे कबूल केले पाहिजे. परंतु तिचा स्वर बोट लागताच उमटतो, लवकर विरतो आणि म्हणून शेजारच्या स्वरात कालवला जात नाही, त्यामुळे एकाच वेळी तीन पदरांनी चाललेले संगीत तिच्यावर तिन्ही पदर वेगळे ठेवून ऐकू येते. पुढे स्पेनमध्ये आंतोनिओ दे तोरेस याने तातीचीच गिटार मोठी करून दाखवली आणि आजची शास्त्रोक्त गिटार त्याच नमुन्यावरून आली. पण तो वंश निराळा, आणि त्याचे गुणगान पुष्कळांनी केलेले आहे.

व्हिएन्नातील कारागिरांत योहान गेओर्ग स्टाउफर याचे नाव मोठे होते, आणि त्याच्या हाताखाली ज्या परदेशी उमेदवारांनी काम केले त्यांत सॅक्सनी प्रांतातील मार्कनॉयकिर्शन गावचा क्रिस्टियान फ्रीडरिश मार्टिन हा एक होता. त्याचा जन्म १७९६ चा. घराणे कपाटे-पेट्या घडवणाऱ्या सुतारांचे, आणि तिथेच सगळ्या तंट्याचे मूळ होते. मार्कनॉयकिर्शनमध्ये व्हायोलिन करणाऱ्यांचा एक संघ होता, त्याला वाद्यनिर्मितीची जुनी सनद होती. गिटार मात्र ती सनद लिहिली गेली तेव्हा कोणाच्या ध्यानीमनीही नव्हती, म्हणून सुतार मंडळी ती बिनदिक्कत घडवू लागली. गिटारींचा खप वाढला तशी व्हायोलिनवाल्यांची नजर तिकडे गेली. त्यांनी फिर्याद केली, की वाद्य करणे हे सुसंस्कृत अभिरुचीचे काम असून खुर्च्या-मेजे जोडणाऱ्या केवळ यांत्रिक कारागिरांना ते करू देणे अनुचित आहे. सुतारांनी उलट अर्ज केला, की गिटार ही व्हायोलिनवाल्यांच्या मक्त्यात कधीच नव्हती आणि तिची वहिवाट आमची आहे. अनेक वर्षे हे कागदी घोडे नाचत राहिले. त्या दफ्तरात एका घाऊक व्यापाऱ्याची साक्ष आहे. तीत, व्हिएन्नाला स्टाउफरपाशी शिकून आलेल्या मार्टिनच्या गिटारी गुणाने आणि रूपाने कशातही उण्या नाहीत, असे त्याने सांगितले आहे. निवाडा सुतारांच्या बाजूने लागला. पण निवाडा जिंकलेला माणूस गावात राहीलच असे नाही. १८३३ साली मार्टिन बायकामुलांसह जहाजावर चढला आणि न्यूयॉर्कला हडसन स्ट्रीटवर त्याने दुकान थाटले.

शहर त्याला मानवले नाही. पाचसहा वर्षांतच तो पेनसिल्व्हेनियातील नाझरेथला गेला. ही मोरेव्हियन पंथाच्या जर्मन भाविकांची वसाहत; भाषा आपली, डोंगर सॅक्सनीसारखे, आणि न्यूयॉर्कपेक्षा पुष्कळ शांतता. तिथे त्याने जे काम केले त्यात एक गोष्ट अशी आहे, की तिचे महत्त्व त्याला स्वतःला कळणे शक्य नव्हते. गिटारीच्या तबलीला आतून लाकडी पट्ट्यांचा आधार द्यावा लागतो. युरोपात या पट्ट्या शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे आडव्या बसवीत, स्पेनमध्ये पंख्यासारख्या पसरीत. मार्टिनने १८४० नंतरच्या दशकात त्या एकमेकींना छेदून फुलीच्या आकारात बसवण्यास आरंभ केला. अमेरिकेत आलेली दे गोनी नावाची एक नामवंत स्पॅनिश वादिका होती. तिच्यासाठी १८४३ साली केलेली त्याची गिटार या रचनेच्या आद्य नमुन्यांत गणली जाते. तातीच्या तारांना या फुलीची खरोखर गरज होती का, असा प्रश्न विचारता येईल, कारण शिडीच्या रचनेवरही त्या उत्तम चालत; परंतु पुढे पोलादी तारा आल्या तेव्हा त्यांचा ताण पेलणारी रचना तयारच होती, आणि पहिल्या परिच्छेदात सांगितलेल्या त्या युद्धनौकेचा पुढचा वंश याच फुलीवर तरंगला.

मार्टिनची गिऱ्हाइके कोण, हे त्या घराण्याने जपून ठेवलेल्या जमाखर्चाच्या वह्यांवरून कळते. व्यापाऱ्यांच्या खालोखाल त्यांत संगीतशिक्षकांची नावे येतात, आणि हे शिक्षक मुख्यतः सुखवस्तू घरांतील मुलींना शिकवीत. पियानो महाग आणि जागा अडवणारा. गिटार स्वस्त, हलकी आणि गाण्याला साथ देण्यास पुरेशी. मुलींच्या निवासी विद्यालयांतून भरतकाम, फ्रेंच भाषा आणि चित्रकला यांच्या जोडीला गिटार शिकवली जाई, आणि शिक्षण संपवून मुलगी घरी आली की रात्रीच्या भोजनानंतर दिवाणखान्यात पाहुण्यांपुढे ती एखादे वॉल्ट्झ किंवा पोल्का वाजवी. या संगीताची नंतरच्या टीकाकारांनी मनसोक्त टर उडवली आहे. त्यात नाजूकपणाचा अतिरेक होता, हे मान्य. पण ज्या वर्गाने ते पोसले त्याच्या खर्चावर शेकडो रचना छापल्या गेल्या, शिक्षकांना रोजगार मिळाला, आणि उघड्या बोटांनी वाजवण्याची विद्या युरोपातून येऊन अमेरिकेच्या मध्यभागातील लहान लहान गावांपर्यंत पसरली. हे काम कोण्या थोर कलावंताच्या एकट्याच्या हातून झाले नसते.

सिनसिनाटी शहराजवळच्या अशाच एका विद्यालयात हेन्री वॉरॉल नावाचा शिक्षक होता. जन्म लिव्हरपूलचा, १८२५ चा. लहानपणीच अमेरिकेत आलेला. वादक, शिक्षक आणि त्याहून अधिक चित्रकार. उत्तरायुष्यात तो कॅन्सस प्रांतात टोपेकाला जाऊन राहिला, आणि तिथे १८६९ साली त्याने काढलेले एक विनोदी चित्र गाजले: कॅन्ससमध्ये सदा दुष्काळ असतो अशी पूर्वेकडील लोकांची तक्रार, तिला उत्तर म्हणून त्याने कलिंगडे डोंगराएवढी आणि मक्याची कणसे शिडी लावून तोडावी लागतील इतकी थोर रंगवली. या खुशालचेंडू माणसाच्या नावावर १८६० साली गिटारीच्या दोन रचना नोंदल्या गेल्या. एक 'स्पॅनिश फँडँगो' आणि दुसरी 'सेबास्टोपोल'. पहिलीचा स्पेनमधील फांदांगो या नृत्याशी संबंध नावापुरताच. दुसरी क्रिमियाच्या युद्धातील १८५४-५५ च्या सेबास्टोपोलच्या वेढ्यावर बेतलेली, तारेवर बोट अलगद ठेवून काढलेल्या स्वरांनी लष्करी बिगुलाचा आभास करून देणारी. मराठी वाचकाला हा वेढा अगदीच परका नाही. नानासाहेब पेशव्यांचा वकील अजीमुल्ला खान विलायतेहून परतताना १८५५ साली मुद्दाम वाकडी वाट करून तिथे गेला होता आणि इंग्रज फौजेची हलाखी त्याने प्रत्यक्ष पाहिली होती. त्या एकाच वेढ्यातून कानपूरला काय पोचले आणि सिनसिनाटीला काय पोचले, याचा विचार मनोरंजक आहे.

संगीत म्हणून या दोन्ही रचना साध्या आहेत, आणि त्यांचे सामर्थ्य त्या साधेपणातच होते. दोहोंसाठी गिटार नेहमीपेक्षा वेगळी मिळवून घ्यावी लागते. फँडँगोसाठी खर्जाकडून तारा प, सा, प, सा, ग, प अशा लावाव्या लागतात, तर सेबास्टोपोलसाठी सा, प, सा, ग, प, सा अशा. अशा लावलेल्या गिटारीचे पडदे डाव्या हाताने न दाबताही सर्व तारा एकमेकींशी सुसंवादी बोलतात. अंगठ्याने मोकळ्या खर्जावर सा आणि प यांचा आळीपाळीने ठेका धरावा आणि दोन बोटांनी वरच्या तारांवर धून काढावी, की नवशिक्या हातातूनही भरलेले संगीत निघते. म्हणूनच स्वस्त शिक्षणपुस्तिकांतून, विशेषतः फँडँगो, पुन्हा पुन्हा छापला गेला. गिटार हाती घेतलेल्या माणसाला पहिल्या महिन्यात यश देणारा दुसरा धडा नव्हता.

ही विद्या केवळ गोऱ्यांच्या घरांतच कोंडलेली होती असेही नाही. व्हर्जिनियातील नॉरफोकजवळ १८१९ साली स्वतंत्र कृष्णवर्णीय आईबापांच्या पोटी जन्मलेला जस्टिन हॉलंड हा त्या शतकातील अमेरिकेचा बहुधा सर्वांत विद्वान गिटारशिक्षक. पोरकेपणी तो बॉस्टनच्या परिसरात गेला, ओबर्लिनच्या महाविद्यालयात शिकला, आणि युरोपीय आचार्यांचे ग्रंथ मुळातून वाचता यावेत म्हणून स्पॅनिश, फ्रेंच व इटालियन या भाषा त्याने आत्मसात केल्या. क्लीव्हलँडला स्थायिक होऊन त्याने शिकवण्या केल्या, शेकडो रचना गिटारीसाठी बसवल्या, आणि १८७४ साली त्याची विस्तृत शिक्षणपद्धती ग्रंथरूपाने निघाली. गुलामगिरीच्या उच्छेदासाठी झटणाऱ्यांत आणि पळून आलेल्या गुलामांना उत्तरेकडे पोचवणाऱ्या गुप्त साखळीत त्याचा सहभाग होता. ज्या माणसाला दक्षिणेत पाऊल टाकणे धोक्याचे होते, त्याची पुस्तके गोऱ्या मुलींच्या हातात होती. त्याचे नाव आजही गिटारीच्या सामान्य इतिहासांत तळटिपेपलीकडे क्वचित येते, ही गोष्ट मला अन्यायाची वाटते.

यादवी युद्ध संपले, गुलामगिरी कायद्याने गेली, आणि पुढच्या तीस-चाळीस वर्षांत गिटार दिवाणखान्याबाहेर पडली. यामागे कोणी सुधारक नव्हता. टपालखाते आणि कारखानदारी होती. मॉन्टगोमेरी वॉर्ड यांचे टपालाने माल पाठवणारे पहिले सूचिपत्र १८७२ साली निघाले, पुढे सीअर्स-रोबकची जाडजूड सूचिपत्रे शेतकऱ्यांच्या घरोघर गेली, १८९६ पासून खेड्यांत टपाल घरपोच मिळू लागले आणि १९१३ पासून सरकारी टपालाने मोठी पार्सलेही जाऊ लागली. शिकागो आणि जर्सी सिटी येथील कारखाने हजारोंनी गिटारी करू लागले. भूर्जाच्या जातीचे स्वस्त लाकूड, त्यावर रंगाने काढलेला शिसवीचा देखावा, आत शिडीच्या आडव्या पट्ट्या. पण आकार मात्र तोच जुना दिवाणखान्याचा, कारण साचे त्याच आकाराचे होते. फरक तारांत पडला. तात महाग आणि दमट हवेत तुटणारी. पोलादी तार स्वस्त, टिकाऊ आणि मोठ्या आवाजाची. तिच्या ताणाने घोडी उखडू नये म्हणून तारा पेटीच्या बुडाशी पत्र्याच्या पट्टीत अडकवून दिल्या, की काम भागले. घरातल्या मंद उजेडातील वाद्याचा आवाज अशा रीतीने ओसरीवर, अंगणात, बाजाराच्या कोपऱ्यावर ऐकू जाण्याइतका खणखणीत झाला.

दक्षिणेतील कृष्णवर्णीयांच्या हाती हे वाद्य आले तेव्हा त्यांचे हात रिकामे नव्हते. आफ्रिकेतून आलेल्या भोपळ्याच्या वाद्यांपासून घडलेला बँजो त्यांच्या अंगठ्याला पिढ्यान् पिढ्या परिचित होता, आणि एका तारेवर अंगठ्याने सतत टोल देत बाकीच्या बोटांनी धून विणण्याची हातोटी त्यांच्याकडे होतीच. १८९० नंतर पियानोवरील रॅगटाइम आले. त्यात डावा हात संथ, सरळ पावले टाकतो आणि उजवा हात मात्रेच्या अधेमधे उड्या मारतो. हीच पद्धत गिटारीवर अंगठा आणि बोटे यांत वाटली गेली. कॅरोलिना आणि व्हर्जिनियाच्या पायथ्याच्या प्रदेशावरून तिला पीडमाँट शैली म्हणतात; ब्लाइंड ब्लेक, रेव्हरंड गॅरी डेव्हिस, डरहमच्या तंबाखूच्या वखारींबाहेर वाजवणारा ब्लाइंड बॉय फुलर, ही तिच्यातील मोठी नावे. डेव्हिस तर फक्त अंगठा आणि तर्जनी वापरी, आणि ऐकणाऱ्याला दोन माणसे वाजवत आहेत असा भास होई. परंतु या सगळ्यांच्या पायाशी दिवाणखान्याचा एक चिरा राहिला. तारा लावण्याच्या ज्या दोन रीती ब्लूज वाजवणारे सर्रास वापरीत, त्यांना ते 'स्पॅनिश' आणि 'व्हेस्टापोल' म्हणत. क्रिमियातील ते बंदर कुठे आहे हे त्यांच्यापैकी बहुतेकांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. नाव कानोकानी येता येता झिजले, तारा मात्र वॉरॉलने लिहिल्या तशाच लागत होत्या.

नॉर्थ कॅरोलिनातील चॅपल हिलच्या शेजारच्या वस्तीत एलिझाबेथ कॉटन ही मुलगी याच सुमारास वाढत होती. जन्म १८९३ चा. भावाचा बँजो तो घरी नसताना ती चोरून वाजवी. ती डावखुरी, वाद्य दुसऱ्याचे, तेव्हा तारा उलट बसवून घेण्याची सोय नाही, म्हणून तिने वाद्यच उलटे धरले. त्यामुळे खर्जाच्या तारा खाली आल्या आणि उंच स्वरांच्या वर. अंगठ्याचे काम तर्जनीकडे गेले आणि धून अंगठ्याकडे. शाळा लवकर सुटली, लोकांच्या घरी काम करून महिन्याला पाऊण डॉलर मिळू लागला, आणि साठवलेल्या पैशातून तिने 'स्टेला' नावाची गिटार पावणेचार डॉलरला घेतली. बारा वर्षांची होण्याच्या सुमारास तिने घरानजीकच्या रुळांवरून जाणाऱ्या मालगाडीवर एक गाणे रचले. मग लग्न झाले, चर्चने ऐहिक संगीताला मनाई केली, आणि गिटार सुटली ती सुमारे चाळीस वर्षे.

वॉशिंग्टनच्या एका मोठ्या दुकानात १९४० नंतरच्या दशकात ती काम करीत असताना आईपासून चुकलेली एक लहान मुलगी तिने शोधून आणून दिली. ती पेगी सीगर. आई रूथ क्रॉफर्ड सीगर ही नामवंत संगीतरचनाकार, बाप चार्ल्स सीगर संगीतशास्त्राचा पंडित. त्यांच्या घरी कॉटन स्वयंपाकाला राहिली. भिंतीवर टांगलेली गिटार एके दिवशी तिने खाली घेतली, आणि लोकसंगीताच्या शोधात देश पालथा घालणाऱ्या त्या कुटुंबाला आपल्याच मुदपाकखान्यात काय होते ते कळले. तिचे मालगाडीचे गाणे पेगीबरोबर इंग्लंडला गेले. तिथे दोघा गृहस्थांनी ते आपल्या नावे नोंदवून घेतले, १९५७ साली ते तिकडे लोकप्रियही झाले, आणि तिचा त्यावरील हक्क मान्य होण्यास कायद्याची पायरी चढावी लागली.

मिसिसिपीतील ॲव्हलॉनचा जॉन हर्ट हा असाच दुसरा वादक. शेतमजूर, मृदू आवाजाचा. १९२८ साली प्रथम मेंफिसला व पुढे न्यूयॉर्कला त्याची काही गाणी मुद्रित झाली, लगेच मंदी आली, आणि तो पुन्हा शेतावर गेला. १९६३ साली एका तरुण शोधकाने त्याच्या गाण्यातील गावाच्या उल्लेखावरून जुन्या नकाशात ते गाव हुडकले; तिथे हर्ट जिवंत होता, आणि हातही शाबूत होता. त्याच्या त्या पहिल्या ध्वनिमुद्रिका ऐकताना एक विसंगती लक्षात येते. १९२५ पासून ध्वनिमुद्रणात विजेचा मायक्रोफोन आला होता, त्यामुळे कुजबुजीएवढा स्वरही टिपता येऊ लागला होता. म्हणजे आवाजासाठी गिटारीला थोराड करण्याची निकड जेव्हा कमी होऊ लागली, नेमके तेव्हाच कारखानदार मोठ्या गिटारींच्या मागे लागले. मार्टिननेही १९३१ पासून युद्धनौका आपल्या नावावर विकावयास काढली. तंतुवाद्यांच्या ताफ्यांत, नभोवाणीवरच्या गुराखी गायकांच्या हातात तिला मान मिळाला, आणि हे पूर्णतः अकारण होते असे मी म्हणणार नाही. गाण्यामागे दणदणीत झंकार हवा असेल तर ती उत्तम. पण तिच्या खर्जाच्या घुमण्यात बोटांनी विणलेले बारीक धागे बुडतात, हे वाजवणारे जाणतात. आणि म्हणूनच १९६० च्या आसपास शहरी तरुण जुन्या लोकसंगीताकडे वळले तेव्हा गायिका जोन बाएझने १९२९ सालची शून्य क्रमांकाची मार्टिन हाती घेतली, आणि ज्या लहान गिटारी अडगळीत पडल्या होत्या त्यांच्या किमती चढू लागल्या.

एलिझाबेथ कॉटनचे वादन १९५७-५८ मध्ये पेगीचा भाऊ माइक सीगर याने तिच्या राहत्या घरी फितीवर घेतले, आणि १९५८ साली फोकवेज संस्थेने त्याची ध्वनिमुद्रिका काढली. कॉटन त्या वेळी पासष्ट वर्षांची होती. तीत मालगाडीचे गाणे आहे, चर्चमधील भजने आहेत. आणि त्यांच्या जोडीला 'व्हास्टोपोल' व 'स्पॅनिश फ्लँग डँग' अशी नावे असलेल्या दोन गती आहेत. वॉरॉलने छापलेल्या पानांपासून त्या पुष्कळ दूर आल्या आहेत: तिथे जो बिगूल होता तो इथे नाही, जी शिष्ट संथ चाल होती तिच्या जागी मात्रेच्या कडेवरून घसरत जाणारी लय आहे, आणि सगळे उलट्या धरलेल्या गिटारीवर, अंगठ्याने धून काढून वाजवलेले आहे. तरीही दोन्ही ओळखू येतात. मुलींच्या विद्यालयातील शिक्षकाने लिहिलेले दोन धडे, शंभराला दोन वर्षे कमी असताना, एका स्वयंपाकिणीच्या हातून देशाला परत मिळाले. आणि माझ्या कानाला तरी ते मुळाहून सरस वाटतात. कॉटनला पुढे १९८५ साली ग्रॅमी पारितोषिक मिळाले, आणि १९८७ साली ती वारली.

ज्यांच्या घरी गिटार आहे त्यांनी ती प, सा, प, सा, ग, प अशी लावून, नखी बाजूला ठेवून, अंगठ्याने खालच्या मोकळ्या तारांवर ठेका धरून पाहावा. गिटार लहान असल्यास अधिकच चांगले. त्या दोन्ही रचना १८६० च्या असून त्यांच्यावर आज कोणाचाही मालकीहक्क उरलेला नाही.